शेजारचं जुनं घर पाडून नवी इमारत येतेय: मळ्यातल्या एका रहिवाशाला उत्तर

तुम्ही लिहिलं आहे की पणजीच्या मळा भागात, आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, तुमचं आजोबांच्या वेळचं कौलारू घर आहे. शेजारच्या घराशी एक भिंत सामायिक आहे आणि ते शेजारचं घर वारसदारांनी एका बिल्डरला दिलं आहे. तिथे तळघरात पार्किंग, वर चार मजले आणि गेस्ट हाउस येणार असं कानावर आलंय. गल्लीतल्या लोकांची बैठक झाली. कुणी म्हणालं, हा युनेस्कोचा हेरिटेज झोन आहे, इथे काही बांधताच येत नाही. कुणी सह्या गोळा करायला सुरुवात केली. तुम्ही विचारता: हे थांबवता येईल का, आणि येत असेल तर कुणाच्या दारात जायचं?

मी वास्तुविशारद आहे. पणजी आणि आसपासची जुनी घरं दुरुस्त करणं हे बरीच वर्षं माझं मुख्य काम आहे. रहिवाशांसाठी हरकती लिहून दिल्या आहेत आणि जुन्या वस्तीत मालकांसाठी नवं बांधकामही केलं आहे. त्या कामावरून सांगतो, की ‘थांबवता येईल का’ हा तुमचा खरा प्रश्न नाही. तुमच्या काळज्या नीट वाचल्या तर त्या वेगळ्या आहेत. आपली भिंत टिकेल का? पावसाचं पाणी घरात शिरेल का? अंगणात ऊन-वारा राहील का? रात्री झोप मिळेल का? आणि काही वर्षांनी या गल्लीत ओळखीचं कुणी राहत असेल का? या प्रत्येक काळजीचा नियम वेगळा, कार्यालय वेगळं आणि पुरावाही वेगळा. त्या सगळ्या ‘वारसा वाचवा’ या एका वाक्यात कोंबल्या की अधिकाऱ्याला त्या सगळ्यांना एकाच ओळीत नकार देता येतो. असं होताना मी पाहिलं आहे, म्हणून हे आधी सांगतो.

युनेस्कोची गोष्ट लगेच मिटवून टाकू, कारण ती तुमच्या निवेदनात आली तर बाकीच्या मुद्द्यांचं वजन जाईल. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८६ साली नोंद झाली ती जुन्या गोव्यातल्या चर्च आणि कॉन्व्हेंटांची. पणजीतल्या फोंतेन्हास, साव तोमे किंवा मळा या जुन्या वस्त्या त्या यादीत नाहीत. पर्यटनाच्या जाहिरातींत आणि गाइडांच्या तोंडी हा उल्लेख इतका रुळला आहे की चांगले शिकलेले लोकही तो खरा मानतात. तसंच, २०२१ मध्ये जुन्या गोव्यात संरक्षित वास्तूंच्या शेजारी उभ्या राहिलेल्या बंगल्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले होते, त्याचा दाखला बैठकीत कुणी दिला असेल. तिथे केंद्राचा पुरातत्त्व कायदा लागू होतो. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरांत नियंत्रण. तुमच्या गल्लीजवळ असं स्मारक नसेल तर तो कायदा तुमच्या कामाचा नाही.

तुमच्या कामाचा कायदा म्हणजे गोव्याचा १९७४ चा नगरनियोजन कायदा, त्याखालचा पणजीचा बाह्य विकास आराखडा, म्हणजे आपण ज्याला ओडीपी म्हणतो तो, आणि २०१० ची जमीन विकास व इमारत बांधकाम नियमावली. या नियमावलीत संवर्धन विभाग आहेत. तिथल्या प्रस्तावांची छाननी करायला संवर्धन समितीची तरतूद आहे. इथे मात्र परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. तुमच्या शेजारचा भूखंड त्या विभागात पडतो का? मळा, भाटले आणि फोंतेन्हास लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळतात, पण आराखड्यावरची रंगाची हद्द एखाद्या गल्लीच्या मधूनही जाते. रस्त्याची एक बाजू संवर्धन विभागात आणि समोरची व्यापारी विभागात, असंही असतं. म्हणून बैठकीत तावातावाने बोलण्याआधी एकाने पीडीएच्या, म्हणजे नियोजन व विकास प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन तो नकाशा पाहावा. जाताना शेजारच्या घराचा पी. टी. शीट नंबर (शहर मोजणीच्या नकाशाच्या पानाचा क्रमांक) आणि चलता नंबर (त्या पानावरचा भूखंडाचा क्रमांक) घेऊन जा. सिटी सर्व्हेच्या फॉर्म डी या मालमत्तेच्या उताऱ्यावर ते मिळतात. घराच्या नावावरून किंवा ‘मारुतीच्या देवळाखालची गल्ली’ असं सांगून तिथे काही सापडत नाही.

भूखंड संवर्धन विभागात निघाला तर तुमचा पाया बराच भक्कम आहे. उंची, दर्शनी बाजू, पाडकाम या सगळ्यावर प्रश्न विचारायला नियमाचा आधार मिळतो. नाही निघाला तरी हात रिकामे नाहीत, पण मग जोर वेगळ्या मुद्द्यांवर द्यावा लागेल. ते पुढे येतील. विभाग बदलून घेण्याचा प्रयत्न चालू आहे का, तेही पाहा. २०२४ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम ३९अ आलं. त्याखाली आराखड्यातला विभाग बदलण्याच्या प्रस्तावाची जाहीर सूचना निघते आणि हरकतींसाठी किमान ३० दिवस असतात. या कलमावर रस्त्यावर आणि न्यायालयात बरीच लढाई झाली आहे, तेव्हा आजची स्थिती वकिलाकडून समजून घ्या. राजपत्र आणि वृत्तपत्रातल्या सूचना वाचायचं काम मात्र गल्लीतल्या कुणी तरी नेमाने करायला हवं. २००७ साली प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यावा लागला तो गावोगावच्या लोकांनी नकाशे उघडून स्वतः वाचले म्हणून. ती सवय गोव्याला नवी नाही.

यानंतर फाईल. पीडीएकडून विकास परवानगी आणि महापालिकेकडून बांधकाम परवाना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ लोक एकीचीच चौकशी करून थांबतात. माहिती अधिकाराखाली दोन्हीकडे अर्ज करा. प्रतींबरोबर फाईल प्रत्यक्ष पाहण्याचीही मागणी करा, कारण टिपणांवरचे शेरे नकाशांपेक्षा बोलके असतात. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, न आल्यास पहिलं अपील. या काळात पाडकाम सुरू झालं आणि परवाना कुणी दाखवत नसेल तर अर्जाची वाट पाहत बसू नका. तारखेसह फोटो काढा आणि त्याच दिवशी दोन्हीकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे तिकडे येतो. लोक उंचीवर भांडतात, कारण उंची डोळ्यांना दिसते. जुन्या घरांचं सर्वाधिक नुकसान मात्र जमिनीखाली होतं, आणि इमारतीचा पहिला मजला चढायच्या आधी होऊन गेलेलं असतं.

तुमचं घर चिऱ्यांचं आहे, चुन्यात किंवा मातीत बांधलेलं. भिंती जाड, पण पाया उथळ. त्याला कुठे आरसीसीची पट्टी नाही, खांब नाहीत. सगळा भार भिंत सरळ खालच्या जमिनीला देते. ती जमीन हलत नाही तोवर असं घर पिढ्यान्‌पिढ्या उभं राहतं. शेजारी तळघरासाठी जेसीबीने तुमच्या पायाच्या खाली खणलं की तुमच्या भिंतीखालची माती एका बाजूने मोकळी होते. ती थोडी जरी सरकली तरी खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. आरसीसीची चौकट असा धक्का काही प्रमाणात पचवते, चुन्याची भिंत एका मर्यादेपर्यंत सोसते आणि मग उलते.

मळ्यात यात पाण्याची भर पडते. आल्तिनोची टेकडी जांभ्याची आहे. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी पिऊन घेणारा. ते पाणी खालच्या मऊ चिकणमातीवर अडतं आणि उताराने पायथ्याशी येतं. फोंत फेनिक्सचा झरा टेकडीच्या पायथ्याशी आहे तो याच कारणाने, आणि मळ्यातल्या विहिरींना वरच पाणी लागतं तेही याच कारणाने. दुसऱ्या बाजूला ओरेमची खाडी, मांडवीच्या भरतीबरोबर चढणारी. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की मळ्यात पाणी का तुंबतं हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा जागी तळघर खणायचं म्हणजे दिवसरात्र पंप लावून पाणी उपसावं लागतं. उपशाबरोबर बारीक माती वाहून जाते आणि आजूबाजूची जमीन बसते. एका भूखंडातला उपसा चार घरं पलीकडेही भेग पाडू शकतो. तळघर पुरं झाल्यावर त्याच्या काँक्रीटच्या भिंती टेकडीवरून येणाऱ्या पाण्याची वाट अडवतात. मग ते पाणी शेजाऱ्याच्या जोत्यातून वाट काढतं. आजवर कोरड्या असलेल्या खोलीत पावसाळ्यात ओल धरायला लागते आणि घरातल्या कुणाच्या लक्षात येत नाही की कारण शेजारी आहे.

म्हणून मळ्यातल्या अशा भूखंडावर तळघर असूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मालकाची बाजू मी समजू शकतो. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय त्याला परवानगी मिळत नाही, मग तो खाली जातो. पण याचं उत्तर म्हणून कमी खोल्यांची, कमी गाड्यांची इमारत व्हावी. शेजाऱ्याच्या पायाशी खड्डा पडता कामा नये. तळघर रद्द होत नसेल तर हरकतीत पुढच्या गोष्टी अटी म्हणून मागा: भूगर्भ तपासणीचा अहवाल, खणण्यापूर्वी कडेने आधार देण्याचा आराखडा, त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही, आणि उपशाचं पाणी कुठे सोडणार याचं लेखी उत्तर. टेकडीचा उतार कापला जात असेल तर नगरनियोजन कायद्याचं कलम १७अ पाहा. उताराची जमीन कापायला आणि सखल जमीन भरायला स्वतंत्र परवानगी लागते. आल्तिनोच्या कुशीतल्या भूखंडांना हा मुद्दा हमखास लागू पडतो आणि नेमका तोच लोक विसरतात.

सामायिक भिंतीकडे परत येतो, कारण तुमच्याकडे ती आहे. अशा भिंतीत दोन्ही घरांच्या तुळया आणि वासे टेकलेले असतात. शेजारचं घर उतरवलं की त्या बाजूने भिंतीला असलेला आधार जातो आणि आजवर घराच्या आतली असलेली भिंत उघडी पडते. तिच्या त्या अंगाला बाहेरच्या पावसासाठी गिलावा केलेलाच नसतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक पावसाळा जरी अशी मातीत बांधलेली उघडी भिंत भिजली तरी तिचा पोटातला मसाला धुऊन जातो. आपले वाडवडील पावसाआधी चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, विणून भिंतींना आडोसा करायचे, ते याच भीतीने. पाडकाम बहुतेक वेळा मार्च ते मे दरम्यान होतं आणि जूनमध्ये काम थांबतं, त्यामुळे तुमची भिंत नेमकी चार महिने उघडी राहते. पाडणाऱ्याने तुळया हाताने, एकेक करून काढाव्यात, भिंतीला तात्पुरता टेकू द्यावा आणि ३१ मेपूर्वी उघडी बाजू पत्र्याने किंवा जाड ताडपत्रीने वरपासून झाकावी. हे लेखी ठरवून घ्या. तिथे सिमेंटचा गिलावा करून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. चिरा आणि चुना ओल बाहेर सोडून जगतात. वर सिमेंट बसलं की ओल आत कोंडते, मीठ फुटतं आणि चिरा आतून झडतो. चुन्याचाच गिलावा हवा.

त्याआधी तुमच्या घराची आजची स्थिती नोंदवून ठेवा. हे काम या आठवड्यात करण्यासारखं आहे. प्रत्येक खोलीचे, प्रत्येक भिंतीचे फोटो, असलेल्या भेगांवर पेन्सिलने तारीख, आणि मोठ्या भेगांवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवलेली. भेग वाढली तर काच तडकते आणि वाद उरत नाही. शक्य असेल तर त्रयस्थ इंजिनिअरकडून अहवाल करून त्याची प्रत बिल्डरला आणि महापालिकेला पाठवा. ‘ही भेग आधीपासूनच होती’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की या नोंदीशिवाय कुणी भांडायला गेलं तर मला त्याची काळजी वाटते.

आता जमिनीच्या वर. इथे एक गैरसमज रहिवासी, बिल्डर आणि कधी कधी अधिकारीही एकत्र जपतात. त्यांना वाटतं की नवी इमारत ‘पोर्तुगीज शैलीत’ केली म्हणजे वस्तीला धक्का लागत नाही. मग चार मजल्यांच्या आरसीसी खोक्याला कमानी लावतात, ओतीव लोखंडी कठडे येतात, दारावर निळ्या फरशांची पाटी येते, रंग पिवळा नाही तर निळा, आणि वर कौलांची एक झालर. कागदावरचं चित्र सुंदर दिसतं आणि परवानगीही मिळते. माझ्या मते वस्तीचं जास्त नुकसान अशाच इमारती करतात, कारण त्यांच्याकडे बोट दाखवून पुढची इमारत तशीच मागता येते.

मळा-फोंतेन्हासची गल्ली तिच्या मापांमुळे तशी आहे. दर्शनी बाजू अरुंद आणि घर मागे खोल. जोतं रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या वर. दार आणि खिडक्या थेट गल्लीत उघडणाऱ्या, त्यामुळे घरात बसलेल्या माणसाला गल्लीतलं दिसतं आणि गल्लीतल्याला घरात माणूस आहे हे कळतं. वळचणीची रेषा शेजाऱ्याच्या जवळपास. घराच्या पोटात राजांगण किंवा छोटं अंगण, जिथून ऊन आणि वारा येतो. या मापांत बसणारी इमारत साधी, आजच्या पद्धतीची, सपाट खिडक्यांची असली तरी गल्लीत खपून जाते. माप मोडणाऱ्या इमारतीला कितीही कमानी लावा, ती परकीच राहते.

म्हणून हरकतीत शैलीबद्दल लिहू नका, मापांबद्दल लिहा. बिल्डरने दोन-तीन चलता नंबर एकत्र केले असतील तर दर्शनी बाजू जुन्या हद्दींप्रमाणे तुकड्यांत दिसावी, अशी मागणी करा. वळचणीची उंची दोन्ही बाजूंच्या घरांशी मिळती असावी, आणि त्यावरचा मजला असलाच तर तो मागे सरकलेला, गल्लीतून न दिसणारा असावा. खाली खांबांवर उचललेलं पार्किंग नसावं. तळघराला विरोध केला की बिल्डर बहुधा याच पर्यायाकडे वळतो, म्हणून हे आधीच लिहून ठेवा. जिथे दार-खिडकी होती तिथे अंधारे खांब आणि गाड्यांची तोंडं आली की गल्लीचा तेवढा तुकडा मेला. संध्याकाळी तिथून एकटं जायलाही नको वाटतं.

रहिवाशांना चटकन न पटणारी एक गोष्टही यात आहे. नेहमीचे बांधकाम नियम पुढे आणि बाजूंना मोकळी जागा सोडायला लावतात. नव्या वसाहतीत ते योग्य आहे, पण भिंतीला भिंत लागलेल्या जुन्या रांगेत तोच नियम घात करतो. नवी इमारत मागे सरकते, रांगेत दात पडल्यासारखी फट दिसते, आणि बाजूची जागा सोडल्यामुळे तुमची सामायिक भिंत कायमची उघडी पडते. आपण मात्र हरकतीत लिहितो की ‘नियमाप्रमाणे जागा सोडलेली नाही’. या रांगेत तुम्ही उलट मागायला हवं. इमारत जुन्या रेषेवर, भिंतीला लागूनच यावी, उंची मात्र जुन्या मापाची असावी. संवर्धन विभागात अशी सवलत मागायला वाव असतो. तुमच्या मागच्या अंगणाचा उजेड सांभाळायचा असेल तर मोकळी जागा तिथे, मागच्या बाजूला मागा.

गेस्ट हाउसबद्दल तुमच्या गल्लीत दोन मतं असतील, आणि ती असायला हवीत. फोंतेन्हासमधली काही चांगली घरं आज उभी आहेत ती मालकांनी चार-सहा खोल्या पाहुण्यांना दिल्यामुळेच. मालक स्वतः तिथे राहतो, छप्पर दरवर्षी परततो, आवाज झाला तर शेजारी त्याचं दार वाजवू शकतात. याला माझा पाठिंबा आहे. चार मजल्यांची, मालक दुसऱ्या शहरात असलेली, फोनवर बुकिंग घेणारी इमारत ही वेगळी गोष्ट आहे. फरक खोल्यांच्या संख्येत आणि जबाबदार माणूस जागेवर आहे की नाही यात आहे. नकाशावर ‘निवासी’ लिहून नंतर हॉटेल चालवणं हा नेहमीचा मार्ग, तेव्हा फाईलमध्ये वापर काय लिहिलाय ते तपासा. प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास-न्हाणी, स्वयंपाकघर नाही, खाली स्वागतकक्ष, असा ‘निवासी’ नकाशा असेल तर तेच हरकतीत दाखवून द्या. पुढे व्यवसाय सुरू होताना महापालिकेचा परवाना आणि १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. त्या टप्प्यावरही बोलता येतं. जनरेटर कुठे, एसीची यंत्रं कुणाच्या खिडकीसमोर, सांडपाणी कुठल्या वाहिनीला, हे आत्ताच विचारा. बांधून झाल्यावर ती यंत्रं हलवायला कुणी तयार होत नाही. दारासमोर फोटो काढणाऱ्यांचा त्रास मात्र या इमारतीच्या फाईलमध्ये घालू नका. तो खरा आहे, पण तो महापालिकेबरोबर वेगळा बोलण्याचा विषय आहे.

आणि ज्यांनी घर दिलं त्या शेजाऱ्यांबद्दल. त्यांच्यावर गल्लीत राग आहे, असं तुमच्या लिहिण्यावरून जाणवतं. तो थोडा बाजूला ठेवा. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली. मालमत्तेत पती-पत्नीचा समान वाटा, आणि निम्मा हिस्सा मुलांपासून काढून घेता येत नाही. मुलींनाही त्यात समान हक्क मिळाला, हे फार मोठं आहे. पण तीन पिढ्यांनंतर एका घराला वीस-पंचवीस सहमालक होतात. कुणी मुंबईत, कुणी लिस्बनमध्ये, कुणी आखातात. इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत वाटणी करण्याची, प्रक्रिया रेंगाळते. घरात जुना भाडेकरू असेल तर १९६८ च्या भाडे कायद्यामुळे भाडं नाममात्र. अशा घराचं छप्पर बदलायला पैसे कोण घालणार? पहिल्या वर्षी चार कौलं फुटतात, मग वासा कुजतो, मग भिंतीचा माथा भिजतो, आणि एक दिवस ‘घर धोकादायक आहे’ असा अहवाल येतो, जो त्या दिवशी खराही असतो. बिल्डर येतो तेव्हा सगळ्या सहमालकांना एकत्र बसवणारा तो पहिला माणूस असतो.

म्हणून माझा आग्रह आहे की मालकांशी एकदा समोरासमोर बोला, निवेदन पाठवण्याआधी. सगळे सहमालक खरंच राजी आहेत का, करार झाला आहे की नुसती बोलणी चालू आहेत, घर दुरुस्त करून भाड्याने द्यायला कुणी तयार असेल तर ते ऐकतील का, हे तिथेच कळेल. पुढचा अर्धा भाग आणि दर्शनी भिंत राखून मागे नवं बांधकाम करणं, हा मधला मार्ग मी मालकांना नेहमी सुचवतो. त्यात मालकाला जागा मिळते, गल्लीला तिची भिंत राहते, आणि खर्च लोक समजतात तेवढा वाढत नाही, कारण जुना चिरा तिथेच असतो. सहमालकीतल्या त्रुटीचा मुद्दा मात्र तुम्ही परक्याने उचलू नका. तो एखाद्या सहमालकाचा हक्क आहे. बाहेरच्याने त्यावर बोट ठेवलं की शेजारसंबंध कायमचे तुटतात आणि हाती काही लागत नाही.

निवेदनाबद्दल एवढंच सांगतो. दोनशे सह्यांचं एक भावनिक पत्र आणि लगतच्या चार घरांनी दिलेल्या चार वेगळ्या हरकती यांत मी दुसरं निवडेन. प्रत्येक घराने आपल्या भिंतीचं, आपल्या विहिरीचं, आपल्या अंगणाचं लिहावं, चलता नंबरासह, फोटोंसह. एकाच मजकुराच्या छापील प्रती देऊ नका. प्रत पीडीए, महापालिका आणि नगरनियोजन खात्याला द्या, आणि भूखंड संवर्धन विभागात असेल तर ती संवर्धन समितीपुढे ठेवावी अशी स्पष्ट विनंती त्यात करा. गोवा हेरिटेज ॲक्शन ग्रुपसारख्या संस्था आणि फोंतेन्हासमध्येच कार्यालय असलेलं चार्ल्स कोरिया फाउंडेशन, यांच्याशी बोलल्याने नकाशा वाचायला जाणती माणसं भेटतील. हायकोर्टाचा मार्ग आहेच, पण तिथे पहिला प्रश्न येतो की काम सुरू झाल्याचं कळल्यावर तुम्ही किती दिवस गप्प बसलात. लेखी पोच असलेल्या तक्रारी तिथे उपयोगी पडतात.

फाईल हाती आली की दर्शनी बाजूचं रंगीत चित्र सध्या बाजूला ठेवा आणि इमारतीचा उभा छेद दाखवणारा नकाशा शोधा. त्यात तीन आकडे पाहा: तळघराचा तळ रस्त्यापासून किती खाली, जोतं किती वर, आणि वळचण किती उंचीवर. त्या आकड्यांच्या शेजारी तुमच्या घराची तीच मापं टेपने मोजून लिहा. तळघराची खोली नकाशात दिलेलीच नसेल, तर हरकतीचा पहिला मुद्दा तोच लिहा आणि ती कळेपर्यंत खोदकामाला परवानगी देऊ नये, असं मागा.